दगडाच्या रेषेत

आमचे घर म्हणजे कारखान्याच्या मागच्या दोन खोल्या. मध्ये एक विटांची भिंत होती आणि तिच्या पलीकडे ग्राइंडर. सकाळी आठला तो सुरू झाला की फळीवरची पितळी ताटे बारीक आवाजात थरथरू लागत आणि दुपारी जेवायच्या वेळी तो थांबला की थोडा वेळ कानात काहीच शिरत नसे. माय, म्हणजे आमची आई, त्या आवाजावरून पलीकडे काय चालले आहे ते सांगायची. "पहार घासताहेत," ती भाकरी थापता थापता म्हणायची, किंवा "सुरी लावली दगडाला." तिचे सहसा चुकत नसे. लोखंडाची आणि दगडाची बारीक पूड सगळीकडे असे. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर पावसाळ्यात गंजाचे ठिपके उठत. लोणच्याच्या बरणीला माय तीन पदरी फडके बांधायची. आम्ही भावंडे सर्दी झाली की काळे शिंकरायचो आणि सगळ्यांचेच तसे असते असे समजायचो. शेजाऱ्यांकडे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खाल्ली की ती मला फार मऊ वाटायची. आमच्या भाकरीत दाताखाली काहीतरी कचकन लागणारच, हे मी गृहीत धरले होते.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो आणि गावही नानाच म्हणायचे, नाना मिस्त्री. मूळचे नशिराबादचे, पण हात शिकले धुळ्यात, तिथल्या एका कापड गिरणीच्या वर्कशॉपमध्ये. नंतर जळगावात येऊन त्यांनी स्वतःचे शेड टाकले. त्यांचे मुख्य काम जिनिंगचे. कपाशीतून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. रेच्याला हातभर लांबीच्या पोलादी सुऱ्या असतात. त्या बोथट झाल्या किंवा त्यांची धार वाकडी झाली की रुई तुटते आणि तुटलेल्या रुईला भाव येत नाही. दिवाळीच्या पाडव्यानंतर कापूस यायला लागे. त्याआधी बोदवडच्या एका जिनमधून आमच्याकडे सुऱ्या येत, गोणपाटात गुंडाळलेल्या, जीप भरून. त्या दगडावर घासून सरळ करून परत पाठवायच्या. नाना लांब सुरी दोन्ही हातांत धरून दगडावरून एका दमात सरकवत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठिणग्यांची झालर एकसारखी पडली पाहिजे, कुठे दाट, कुठे विरळ नको. ते काम त्या पट्ट्यात नानांइतके चांगले कोणी करत नाही, असे बोदवडचे मॅनेजर म्हणत. वर्षाचे आमचे खाणे, विजूदादाचे आयटीआय आणि माझे बारावी सायन्स त्या झालरीवर चालले होते.

दसऱ्याला यंत्रांची पूजा होई. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा डबा, ग्राइंडर, सगळे पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालायच्या आणि हळद-कुंकू लावायचे. ग्राइंडरचा दगड मात्र नाना आदल्या दिवशीच काढून भिंतीवर खुंटीला टांगत आणि त्याला कोरडे कुंकू लावत. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. त्या वर्षी काम अंगावर आले होते. दगड काढायचा राहिला. दसऱ्याच्या सकाळी नाना आणि विजूदादा झेंडूची फुले आणायला बाजारात गेले. मायने चूल पेटवण्याआधी शेडमध्ये जाऊन यंत्रांची तयारी केली. पोळ्याला बैल धुतात, तसे तिने प्रत्येक यंत्र ओल्या फडक्याने पुसले. ग्राइंडर वर्षभर घर चालवतो, म्हणून त्याला तिने तांब्याने आंघोळ घातली, नीट, दगडावरून पाच तांबे, वरून हळदीचे पाणी. मी कापडी पिशवीतून आंब्याची पाने काढत शेजारी उभी होते. दगडावरून पाणी खाली गळत नव्हते, हे मी पाहिले होते. ते आत जात होते. मला त्यात विशेष काही वाटले नाही. नाना आले तोवर वरची बाजू सुकली होती. पूजा झाली, नारळ फुटला, दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, संध्याकाळी सोने वाटले. शेड बंद होते.

घासायचा दगड पाणी पितो. प्यायलेले पाणी खालच्या अर्ध्या भागात उतरते आणि दगड एका बाजूने जड होतो. हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होते आणि घरातल्या कोणालाही सांगितलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजूदादाने स्टार्टर दाबला. दगड पूर्ण वेगात येईपर्यंत त्याच्या समोर कोणी उभे राहायचे नाही, बाजूला व्हायचे, हा नानांचा पहिला नियम. ते दोघेही बाजूलाच होते. मी आत डबा भरत होते. आवाज नेहमीसारखा चढला नाही. भिंत थरथरली, एक ताट फळीवरून खाली आले आणि माय म्हणाली, "हे काय लावलं आज?" यंत्र जमिनीवरून उचलल्यासारखे हादरत होते. नाना ते बंद करायला पुढे गेले. बंद करायचे बटण वेगळे, समोरच्या भिंतीवर होते आणि तिथे जायला दगडाच्या समोरूनच जावे लागे. त्याच क्षणी दगड फुटला. एक तुकडा पत्रा फाडून बाहेर गेला, एक भिंतीवर आपटून परत आला. नानांचा डावा डोळा त्याने गेला. उजव्या डोळ्यात दगडाची आणि लोखंडाची बारीक पूड घुसली.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दोन्ही डोळे बांधलेल्या नानांनी शुद्धीवर आल्यावर विजूदादाला एकच प्रश्न विचारला, "दगड ओला होता का रे?" विजूदादा म्हणाला, "माहीत नाही." माय खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती म्हणाली, "मी आंघोळ घातली त्याले." नानांनी शेजारच्या खाटेवरचा खोकला थांबू दिला. मग म्हणाले, "दगड जुनाच होता. आज ना उद्या फुटायचाच होता." दगड श्रावणात बसवलेला होता. हे विजूदादालाही माहीत होते, मलाही. मायला माहीत होते की नाही, मला शेवटपर्यंत कळले नाही. त्या दिवसानंतर तिने नानांच्या चेहऱ्याकडे पाहणे सोडले. औषध द्यायची, ताट पुढे करायची, पण नजर त्यांच्या हातांवर किंवा जमिनीवर असे.

नाना घरी आले तेव्हा डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि उजवा उघडा. "एक शाबूत हाये," त्यांनी दारातूनच सांगितले. "पाहा, तू उभी हाये, हा विजू, ही मंगल." आम्ही तिघेही नेहमीच्या जागी उभे होतो. चार-पाच दिवसांत माझ्या लक्षात आले. ते चालताना खाटेपासून दारापर्यंत आठ पावले टाकत, कधी सात नाहीत, कधी नऊ नाहीत. शेडमध्ये बसून ते नटबोल्ट निवडत आणि सगळे बरोबर निवडत, पण बोटांनी. एकदा त्यांच्या हातातून कानस पडली आणि घरंगळत दोन हात लांब गेली. त्यांनी खाली वाकून जवळचीच जमीन चाचपली. मी कानस पायाने त्यांच्या बोटांपर्यंत सरकवली. "इथंच तर होती," ते म्हणाले. त्यांना कळले होते, की मला कळले आहे. आम्ही त्यावर बोललो नाही. विजूदादा दिवसभर बाहेर धावपळ करत होता आणि माय पाहत नव्हती.

बोलण्यासारखे त्यात काय होते, हे आज मी शांतपणे मांडू शकते. तेव्हा ते सगळे एकदम छातीवर बसलेले होते. यंत्राचा सांगाडा फुटला होता, शाफ्ट वाकला होता. पाडवा दहा दिवसांवर होता. सुऱ्या येतील तेव्हा ग्राइंडर नसेल तर त्या दुसरीकडे जातील, आणि एकदा गेलेल्या सुऱ्या परत येत नाहीत. ग्राइंडर असेल आणि नाना मिस्त्रींना दिसत नाही हे कोणाला कळले, तरीही जातील. जिनचे लोक विजूदादाच्या हातात सुरी द्यायला तयार नव्हते, तो बावीस वर्षांचा होता. आणि दुसराही डोळा गेल्याचे मायला कळले तर काय होईल, याचा विचार मी करत नव्हते. रात्री ती अंथरुणावर बसून असायची, एवढे मला दिसत होते.

विजूदादा म्हणाला, तो धुळ्याला जाऊन ग्राइंडर बघून येतो. नाना म्हणाले, "तू बोदवडला जा. मॅनेजरला सांग, नाना बरे हायेत, सुऱ्या पाठवा. ग्राइंडर मी पाहतो. मंगलला घेऊन जातो, डोळ्यात औषध टाकाले." दर दोन तासांनी थेंब टाकायचे होते, तेवढे निमित्त पुरेसे होते. मायने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. ती म्हणाली, "ते यंत्र घरात नको आणा." नाना म्हणाले, "मग खायचं काय?" यावर ती आत गेली.

सकाळच्या एस.टी.ने आम्ही धुळ्याला गेलो. नाना खिडकीशी बसले आणि सगळा वेळ डोळे मिटून होते, झोपल्यासारखे. स्टँडवर उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली येताच काढून घेतला. त्या काळी आमच्याकडे वयात आलेल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून बाप रस्त्याने चालत नसे. मी त्यांच्या अर्धे पाऊल पुढे चालत राहिले. चपला मुद्दाम वाजवत होते. समोर खड्डा किंवा सायकल आली की मी खोकायचे. असे काही आमचे ठरलेले नव्हते. रस्त्याच्या पहिल्या वळणापर्यंत ते आपोआप ठरले.

रशीदभाई जुनी यंत्रे विकत घेऊन विकायचे. पत्र्याचे मोठे शेड, पुढे अंगण, अंगणात कडुनिंबाखाली चाके, पुल्या, मोटारी मांडलेल्या. गिरणीत ते नानांबरोबर होते. नानांना पाहून ते उठून पुढे आले. त्यांची बोली अहिराणी, 'आहे'ला ते 'शे' म्हणत, 'पाहणे'ला 'दखणे' आणि 'आलात'ला 'उनात'.

"या नाना. मी ऐकलं ना. लई वाईट व्हयनं. आते नजर कशी शे?"

"एक गेली, एक हाये," नाना म्हणाले. "बंदूकवाल्याले एकच लागते."

रशीदभाई मोठ्याने हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "का नाना, पोरीले स्थळ दखाले उनात का मशीन दखाले?"

"आधी मशीन. ते चांगलं निघालं तर स्थळ."

चहा आला. कप नेमका कुठे ठेवला हे कळावे म्हणून मी तो फरशीवर आपटून ठेवला. रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिले. आमच्यासाठी त्यांनी दोन यंत्रे काढून ठेवली होती. एक टेबलावर बसवायचे, आठ इंची दगडाचे, फारसे न वापरलेले. दुसरे मोठे, स्वतःच्या बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या खांबावर उभे, बारा इंची दगडाचे, हिरव्या रंगाने नुकतेच रंगवलेले. छोट्यावरून नानांनी हात फिरवला आणि बाजूला सारला. "यावर बायका विळ्या घासतील. हात हात लांबीच्या सुऱ्या याच्यावर किती दिवस घासू?" मोठ्याजवळ आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी खांब चाचपला, मागच्या बाजूला बोटाने ठोकलेला नंबर शोधला आणि तो सापडल्यावर म्हणाले, "रशीदभाई, हे आपल्या वर्कशॉपचं."

"तेच शे. गिरणी बंद पडनी, बठ्ठा माल निघना. एका माणसाने घेतलं होतं, रंग मारून मले दिधं."

"मी याच्यावर हात शिकलो," नाना म्हणाले. त्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा वाटला.

त्यांनी यंत्र तपासले ते मी पाहत होते आणि आजही मला त्या तपासणीत चूक दाखवता येणार नाही. शाफ्ट हाताने फिरवून त्यांनी अंगठ्याने त्याची हालचाल पाहिली. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाशी धरून ऐकले. दगड काढायला लावून तो बोटात अडकवला आणि लाकडी मुठीने चार जागी टिचकी मारली. चारही वेळा तो घंटेसारखा वाजला. भेगाळलेला दगड असा वाजत नाही, मडक्यासारखा बद्द वाजतो. "उत्तम," ते म्हणाले. दगड परत बसवला. मग त्यांनी सांगाड्यावरून दोन्ही हात फिरवले, वरपासून खालपर्यंत, ओळखीच्या जनावरावरून फिरवावे तसे. हातांना सगळे गुळगुळीत लागले, कारण ते गुळगुळीत केलेले होते.

मी दुसऱ्या बाजूला होते. डाव्या बेअरिंगच्या खाली हिरवा रंग हाताएवढ्या पट्ट्यात थोडा वेगळा होता, जास्त चकचकीत. त्या पट्ट्याच्या मधून केसाएवढी रेषा खाली गेली होती. रेषेच्या तळाशी गंजाचा तांबूस ओघळ रंगाच्या वर आलेला होता. म्हणजे भेग आत होती, पुट्टी भरून वरून रंग मारला होता. बीड तडकले की ते वेल्डिंगने धड जुळत नाही, एवढे मी भिंतीच्या अलीकडे राहून ऐकले होते. वर बारा इंची दगड पूर्ण वेगात फिरणार, आणि त्याच्यासमोर सुरी धरून विजूदादा उभा राहणार.

"नाना," मी म्हणाले, "बेअरिंगच्या खाली भेग आहे."

"पाह्यली मी," नाना लगेच म्हणाले. "रंगाची हाये. रंग वाळला की तडकतो."

"रंगाची नाही. आतून गंज आलाय."

"मंगल, चूप बस. बारावी शिकलं म्हणजे बीड कळत नाही."

रशीदभाई उठून माझ्या बाजूला आले, खाली बसले, नखाने रेषा खरवडली. "काहीतरी शे खरं," ते म्हणाले. "मले बी सांगितलं नही त्या माणसाने. नाना, तुम्हीच दखा."

नाना वाकले. त्यांनी चेहरा यंत्राच्या अगदी जवळ नेला, उजवा डोळा बारीक केला, मान तिरकी केली आणि नीट, सावकाश पाहिले. भेगेपासून वीतभर लांब, धड लोखंडावर. "काही नाही," ते म्हणाले आणि सरळ झाले.

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. त्यांना आता कळले होते आणि मला वाटले, सगळे संपले. उद्या हे धुळ्याच्या बाजारात जाईल, परवा बोदवडला. तरीही मला अजून एक आशा होती, की नाना स्वतःच काहीतरी कारण काढतील, यंत्र जड आहे म्हणतील, विचार करून सांगतो म्हणतील, आणि आम्ही काही न घेता परत जाऊ. पण त्यांना कारण काढता येत नव्हते. आपण ज्या यंत्रावर हात शिकलो त्याच्यात खोट आहे हे मान्य करायला ती डोळ्यांनी दिसावी लागते, आणि ती दिसत नाही हे त्यांना सांगायचे नव्हते. ते म्हणाले, "चालू करा, रशीदभाई. आवाजावरून सांगतो."

"आज राहू द्या, नाना. दोन दिवसांनी या."

"दोन दिवस कुठून आणू? चालू करा."

रशीदभाई नाइलाजाने स्टार्टरकडे गेले. "बाजूला व्हा," ते म्हणाले. नाना सवयीने दोन पावले बाजूला झाले. मी निघाले आणि दगडाच्या समोर जाऊन उभी राहिले. ठरवून केले असे मी म्हणणार नाही. मला दुसरे काही सुचत नव्हते. बोलून झाले होते. दगडापासून चार पावलांवर, बरोबर त्याच्या रेषेत, तोंड त्याच्याकडे करून मी उभी होते. डोक्यावर दुपारचे ऊन होते. मी कुठे उभी आहे ते नानांना दिसेल, असे मला क्षणभर वाटून गेले.

"पोरी, बाजूला हो," रशीदभाई म्हणाले.

मी हलले नाही.

"अगं हट ना! नाना, पोरीले सांगा."

"काय सांगू?" नाना म्हणाले. "ती माझ्या मागं उभी हाये."

रशीदभाईंनी स्टार्टरवरचा हात काढून घेतला. रस्त्यावर एक बैलगाडी चालली होती, तिचे घुंगरू ऐकू येत होते. मी म्हणाले, "मी इथं आहे, नाना. दगडासमोर." माझा आवाज समोरून आला तेव्हा त्यांनी मान वळवली, पण मी होते त्याच्या थोडी बाजूलाच. मग हात पुढे करून ते चालत आले, तीन पावले, चौथे, आणि त्यांचा हात माझ्या खांद्याला लागला. त्यांनी मला दगडाच्या रेषेतून ओढून बाहेर काढले. इतक्या जोरात, की माझ्या दंडावर पुढे आठ दिवस वळ होते. मग ते तिथेच यंत्राच्या पायावर बसले.

"केवढी हाये भेग?" त्यांनी विचारले.

"वीतभर."

"बेअरिंगपासून सुरू होते?"

"हो. खाली बोल्टापर्यंत जाते."

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांची तर्जनी धरून रशीदभाईंनी खरवडलेल्या जागेवर ठेवली. त्यांनी नखाने पुट्टी उकरली, बराच वेळ, नखातून रक्त येईपर्यंत. "रशीदभाई," ते म्हणाले, "मले दिसत नाही."

"मले समजलं, नाना."

"कोणाले सांगू नका. पाडवा होऊ द्या."

रशीदभाईंनी विडी पेटवली, पण ओढली नाही. "मी नही सांगनार," ते म्हणाले. "हे मशीन बी कोणाले नही विकत, भंगारमा टाकी देस. पन नाना, सुऱ्या आल्यावर काय करशात? माणूस डोळ्याने धार दखस. किती दिवस झाकाल?"

नाना यंत्राच्या पायावरून उठले. त्यांनी मला छोट्या ग्राइंडरजवळ नेले आणि म्हणाले, "आता तू पाह्य. वरून खालपर्यंत. जे दिसतं ते सांग. वाटतं ते सांगू नको." मी सांगत गेले. गार्डचा एक स्क्रू बदललेला. पायाला चार भोके, एकाची कड झिजलेली. रंग जुना, सगळीकडे सारखाच. गंज फक्त मागे, पाटीच्या कडेला. ते मध्येच थांबवून विचारत, "सारखा म्हणजे कसा? नखाने निघतो?" मी नख लावून सांगायचे. असा तासभर गेला असेल. वृत्तपत्राच्या कचेरीत पुढे मला अनेकांनी बातमी कशी लिहावी ते शिकवले. त्या तासाच्या बाहेरचे त्यात फारसे नव्हते. शेवटी मी दगड बोटात धरला, त्यांनी टिचकी मारली, रशीदभाईंनी यंत्र चालू केले आणि आम्ही तिघेही बाजूला उभे राहून ऐकले. नाना म्हणाले, "हे घेतो."

यंत्र गोणपाटात बांधून एस.टी.च्या टपावर चढवले. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी त्यांच्या डोळ्यात थेंब टाकले. शेजारची बाई म्हणाली, "काय व्हयनं वं त्यास्ले?" नाना म्हणाले, "कचरा गेला." दशम्या आम्ही तशाच परत आणल्या.

त्या मोसमाचे थोडक्यात सांगते. सुऱ्या आल्या. विजूदादाने त्या छोट्या यंत्रावर घासल्या, नाना शेजारी बसून आवाजावरून "दाब, सोड, दाब" सांगत राहिले आणि मी सुरी उजेडाकडे धरून धार पाहत राहिले. निम्म्या चांगल्या झाल्या. उरलेल्या परत आल्या. पुढच्या वर्षी जीप आलीच नाही. विजूदादा नंतर भुसावळला एका वर्कशॉपमध्ये कामाला लागला. रशीदभाईंनी शब्द पाळला होता. बातमी त्यांच्याकडून गेली नाही, सुऱ्यांनीच ती नेली.

पण त्या दिवशी हे काही झालेले नव्हते. दिवेलागणीला आम्ही घरी पोचलो. हमालाने पोते शेडच्या दारात ठेवले. माय भाकरी टाकत होती. तव्यावर एक तशीच ठेवून, पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली. तिने पोत्याकडे पाहिले, मग नानांच्या पायांकडे.

"कसं हाये?" तिने विचारले. ते यंत्राबद्दल होते.

"हिले विचार," नाना म्हणाले. "तिनं पाह्यलं. मले दिसत नाही."

मला वाटले, ते वाक्य पुरे करतील, या डोळ्याने, अजून, थोडे दिवस, असे काहीतरी त्याला जोडतील. ते दाराची चौकट धरून उभे राहिले. मायने दसऱ्यानंतर पहिल्यांदा मान वर केली. ती त्यांच्याजवळ गेली, अगदी जवळ, आणि पिठाचा हात त्यांच्या उजव्या डोळ्यासमोरून नेला, एकदा, मग पुन्हा. डोळा मिटला नाही.

"कवापासून?" तिने विचारले.

"पहिल्या दिवसापासून."

ती तशीच उभी राहिली, हात त्यांच्या चेहऱ्यासमोर धरून. आत भाकरी जळायला लागली होती. तिचा धूर बाहेर आला, तो आम्हा तिघांच्याही नाकात शिरला, आणि ती उतरवायला कोणी आत गेले नाही.